पळीसारखी वाट

नानांचं म्हणणं, ज्या वाटेनं माणूस गेला त्याच वाटेनं त्यानं परत यावं. माझं म्हणणं, एकदा पायाखालून गेलेली वाट पुन्हा पायाखाली घालण्यात काय मजा? या एका मुद्द्यावरून आमचं गेली चार वर्षं वाजतंय, आणि तेही रोज सकाळी, चढाला धाप लागलेली असताना. मी हायस्कुलात भूगोल शिकवला. नाना यष्टीत चालक होते. दोघंही निवृत्त, दोघांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, आणि दोघांची घरं माची पेठेत, एका बोळाच्या अलीकडे-पलीकडे. तेव्हा चालायचं ते किल्ल्यावरच. साताऱ्यात ‘किल्ल्यावर जाऊन आलो’ म्हटलं की कुठल्या, असं कुणी विचारत नाही. समुद्रसपाटीपासून 3300 फुटांच्या आसपास उंच असा हा अजिंक्यतारा गावाच्या उशाशीच बसलाय. पाऊस येणार का, हे बघायलाही साताऱ्याचा माणूस आधी त्याच्याकडे मान वर करतो.

माझी फेरी ठरलेली. डांबरी सडकेनं वर चढायचं, थोरल्या दरवाज्यातून आत शिरायचं, मारुतीला हात जोडायचे, आणि तट डाव्या हाताला ठेवून उत्तरेच्या अंगानं पूर्वेला मंगळाईच्या बुरुजापर्यंत जायचं. तिथून वळून दक्षिणेच्या तटानं पुन्हा दरवाज्याशी. सगळा किल्ला सावकाश हिंडायला दीड तास पुरतो. नाना मंगळाईपर्यंत माझ्याबरोबर असतात. देवीला नमस्कार करतात आणि तिथून मागं वळून आल्या वाटेनं परत. मी दक्षिणेकडून येते, ते उत्तरेकडून. जो आधी पोचेल तो दरवाज्याशी दगडावर बसून दुसऱ्याची वाट पाहतो. बहुतेक वेळा तेच बसलेले असतात, आणि मी आले की घड्याळाकडे पाहतात. कंट्रोलरनं उशिरा आलेल्या गाडीकडे पाहावं तसं.

कार्तिकातल्या एका सकाळी मी हट्ट धरला. म्हटलं, आज एक दिवस तुम्ही माझ्या वाटेनं पुरा गोल घालायचा. नानांनी मफलर कानाभोवती आवळली आणि चालायला लागले. पहिल्याच वळणावर सुरुवात केली.

नाना : येतो म्हणालोय खरं, बाई. पण तुमचा त्यो गोल न्हाईच मुळी.

मी : म्हणजे?

नाना : घरापासनं दरवाज्यापातूर जायची वाट आन् यायची वाट एकच की. गोल काय त्यो वरचाच. देवपूजेतली पळी असती का न्हाई, तशी वाट हाय तुमची. वर वाटी, खाली दांडा. आन् दांडा माझा!

चार वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फळ्यावर समोच्चरेषा काढण्यात हयात गेली आणि स्वतःच्या रोजच्या वाटेचा आकार एका ड्रायव्हरनं सांगावा! मी जरा गप्प राहिले. मग आठवलं.

मी : एकदा मी दांडासुद्धा टाळलाय. दक्षिणेच्या दरवाज्यानं शाहूनगरात उतरले आणि गोडोलीवरून पोवई नाक्यावर आले. तो पुरा गोल झाला.

नाना : आन् नाक्यावरनं घरी?

मी : रिक्षा केली.

नाना : किती घेतलं?

मी : ते जाऊ दे.

वरून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत उतरली. नाना सडकेच्या मधोमध तसेच चालत राहिले. पोरानं ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. ‘घाटात चढत्याला आधी वाट,’ नाना त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. नियम गाड्यांचा आहे, पायी माणसांचा नाही, हे मी सांगितलं नाही. चढत्यांत मीही होते.

दरवाज्यातून आत आलो, मारुती झाला, आणि उत्तरेच्या तटाला लागलो. ही वाट मला सगळ्यात आवडते. डाव्या हाताला खाली सगळं गाव. राजवाडा, पेठांची कौलं, कौलांच्या मधे नव्या इमारतींच्या टाक्या, कुठं कुठं बंबाचा धूर. समोरून ऊन थेट तोंडावर येतं, त्यामुळे पूर्वेकडे जाताना डोळे किलकिले करूनच चालावं लागतं. मंगळाईशी वळलं की तेच ऊन पाठीवर येतं आणि दक्षिणेच्या तटावर सज्जनगड समोर स्वच्छ दिसायला लागतो. गोल वाटेचं हे एक सुख. अर्धा वेळ ऊन सोसायचं, अर्धा वेळ ते पाठीला शेकायचं.

नाना : आमचंबी तेच असतंय की. जाताना तोंडावर, येताना पाठीवर.

मी : पण तुम्ही दोन्ही वेळा तेच गाव पाहता. मला येताना दुसरा मुलूख दिसतो.

नाना : तेच गाव कसं आसंल? रस्ता दोनदा बघितल्याबिगर कळतच न्हाई, बाई. केळघरचा घाट घ्या. महाबळेश्वरला चढताना जे वळण साधं वाटतंय ना, तेच उतरताना खायला उठतंय. चढताना डोळ्यापुढं डोंगुर, उतरताना दरी. झाडबी त्येच आन् दगडबी त्योच, पर वळण दुसरं. नवीन पोरगं त्या रूटवर आलं की मी त्येला सांगायचो, चढून आलास म्हंजे तुला निम्माच घाट ठावं झालाय. निम्मा उद्या सकाळी.

मी : आणि खंबाटकी?

हे मी मुद्दाम विचारलं. खंबाटकीला पुण्याकडून येणारी वाहनं घाट चढून येतात आणि साताऱ्याकडून जाणारी बोगद्यातून जातात. म्हणजे जाणं-येणं मिळून तिथं एक फेरीच पडते. मला वाटलं होतं, नाना अडकतील.

नाना : माझ्या निम्म्या नोकरीत त्यो घाट दोन्ही अंगांनी चालायचा. मग बोगदा झाला. झाला तुमचा गोल! आता घाटातनं खाली खंडाळ्याकडं उतरताना कसं दिसायचं, ते नव्या ड्रायव्हरला इचारा. न्हाई सांगायचा. त्यानं त्यो घाट नुसता चढलाय. उतरलाच न्हाई कवा.

मी : पण समोरून येणाऱ्या गाडीची भीती गेली की नाही? एका दिशेची वाट म्हणजे टक्कर नाही. अरुंद घाटात दोन ट्रक समोरासमोर आले की काय व्हायचं, ते तुम्हीच सांगता.

नाना : (थोडं थांबून) ते हाय.

नानांच्या तोंडून ‘ते हाय’ निघणं म्हणजे कोर्टानं निकाल देण्यासारखं. मी तो गाठीला बांधून घेतला आणि पुढं रेटलं. म्हटलं, चालण्यातही तसंच आहे. गोल वाटेवर सगळे एका दिशेनं चालतात. कुणी आडवं येत नाही, नमस्कार-चमत्कार नाहीत, ‘काय बाई, गुडघे काय म्हणतात’ नाही. आपण आणि आपला तट.

नाना : त्येच तर मला नको. गोलात सगळ्यांच्या नुसत्या पाठी दिसत्यात. परत फिरलं की तोंडं दिसत्यात. मघाशी जी माणसं मागं टाकली ती समोरनं येत्यात. रामराम होतो, कोण आज आलं न्हाई ते कळतंय. मुक्कामी गाडी कशी असती, बाई? कासवरनं बामणोलीकडं सांजच्याला गाडी घिऊन जायचं. जी माणसं अंधारात उतरली, तीच सकाळी डबा घिऊन थांब्यावर हुबी. कालचं तोंड आज न्हाई दिसलं की कंडाक्टर इचारणार, का रं, आजारी हाय काय? गोल फिरणाऱ्या गाडीला ह्ये कुठनं कळणार?

मी : शहरातून गोल फिरणाऱ्या बसही असतात, नाना.

नाना : आसत्यात. शेरात एकामागं एक गाडी असती म्हणून चालतंय ते. खेड्यात करून बघा. समजा, चार गावं एका गोलावर हायत आन् दिवसाला दोन गाड्या, दोन्ही एकाच अंगानं फिरणाऱ्या. पहिल्या गावची म्हातारी दुसऱ्या गावात दळाण घिऊन गेली. धा मिंटात पोचली. आता घरी यायचं म्हटलं तर? तिसरं गाव, चौथं गाव, मग तिचं. घर मागच्याच स्टॉपला, पर म्हातारीला पुरा गोल फिरायला लागतंय. पिठाची पिशवी मांडीवर घिऊन!

हा मुद्दा माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हता. वर्तुळ म्हणजे सगळ्यांना समान न्याय, परिघावरचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून सारखाच लांब, असं आम्ही शिकवतो. पण वर्तुळावर एकाच दिशेनं जायचं ठरलं, की शेजारचा बिंदूच सगळ्यात लांब पडतो. पायीसुद्धा तेच. मला आता माझा मुलूख शोधायला हवा होता, आणि तो समोरच होता. ईशान्येला, हायवेच्या पलीकडे, धुक्याची एक वळणदार पट्टी उठली होती.

मी : ती बघा माहुली. कृष्णा आणि वेण्णा दोघी उगम पावतात महाबळेश्वरी, एकाच डोंगरावर. तिथून कृष्णा जाते धोम-वाईकडून, वेण्णा येते मेढा-कण्हेरकडून. दोघी एका घरातून निघाल्या, दोन वाटांनी हिंडल्या आणि माहुलीला पुन्हा भेटल्या. हा गोल कुणा साहेबानं आखला नाही, पाण्यानं आखलाय.

हे चित्र मी तीस वर्षं निळ्या खडूनं काढलं. दोन रेषा वर एकत्र, खाली एकत्र, मधे पोट. मुलं त्याला ‘माशाचं चित्र’ म्हणायची.

नाना : दोघीबी उताराला लागल्या म्हणून भेटल्या, बाई. परत महाबळेश्वरला कुठं गेल्या?

मी : जातात की. समुद्राला मिळून, वाफ होऊन, ढग होऊन जातात.

नाना : ढगाला तिकीट न्हाई. त्येला कुठनंबी जाऊ दे. माणसाचं बोला. वारी घ्या. माउलीची पालखी आळंदीसनं निघती, नीरा वलांडून आपल्या जिल्ह्यात येती. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, पुढं पंढरी. आन् पादुका परत जात्यात त्याबी चालतच. त्याला परतवारी म्हणत्यात.

मी : आणि वारकरी?

नाना : (हसून) वारकरी यष्टीनं. जादा गाड्या सोडायचो आम्ही. जाताना टाळ, येताना घोरणं.

मी : मग वारीतलं रिंगण? ते तर गोलच. घोडा धावतो तो गोलच.

नाना : त्ये सोलापूर जिल्ह्यात. आपल्या जिल्ह्यातलं रिंगण हाय चांदोबाच्या लिंबापाशी, आन् त्ये हाय उभं. दोन्ही अंगाला वारकरी, मधी सरळ वाट. घोडं सुटतंय, टोकापातूर जातंय आन् त्याच वाटेनं परत येतंय. येताना त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावत्यात. पयलं रिंगण उभं, बाई. गोल मागनं.

आता यावर काय बोलणार? वारीत दोन्ही आहेत आणि आधी त्यांचं येतं, तेही आमच्याच जिल्ह्यात. मी नुसतीच चालत राहिले. या दिवसांत तटावरचं गवत वाळून तांबूस झालेलं असतं आणि त्याची कुसळं साडीच्या काठाला, नानांच्या पायजम्याला शिवल्यासारखी अडकतात. कुसळाला बारीक उलटे केस असतात. म्हणून ते कापडात पुढंच घुसत जातं, मागं सरकत नाही. मी एक काढून नानांना दाखवलं. म्हटलं, याला बघा, परतीची वाट ठाऊकच नाही. ‘म्हणून तर टोचतंय,’ नाना म्हणाले.

मंगळाईला पोचलो तेव्हा घाम आला होता. देवळाच्या ओट्यावर बसून मी चष्मा पुसला. समोर मंगळाईचा बुरूज. या बुरुजाशी आलं की मला 1700 सालचा एप्रिल आठवतो, दर वेळी. औरंगजेब स्वतः येऊन बसला होता, आदल्या वर्षाच्या डिसेंबरापासून. किल्ला प्रयागजी प्रभूंच्या ताब्यात. चार महिने झाले तरी तो पडेना, म्हणून मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग खणले. पहिला उडाला तेव्हा भिंत आतल्या बाजूला कोसळली. गडावरची माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्यात प्रयागजीही गाडले गेले, पण जिवंत निघाले. खाली मोगलांची फौज आता वर घुसायच्या तयारीनं दाटून उभी राहिली. तेवढ्यात दुसरा सुरुंग उडाला, आणि ही भिंत बाहेरच्या बाजूला पडली. थेट त्यांच्याच अंगावर. दोन हजारांच्या आसपास माणूस गेलं, असं इतिहासकार लिहितात. किल्ला त्याच महिन्यात गेलाच. तह झाला आणि शाहजाद्याच्या नावानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढं काही वर्षांत मराठ्यांनी तो परत घेतला आणि 1708च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच गावात झाला. पण माझ्या मनात राहते ती दुसरी भिंत.

नाना : एकदा आत पडली म्हणून सगळे तिकडंच बघत ऱ्हायले असतील.

मी : तुम्हाला यातूनही तुमचाच मुद्दा काढायचाय?

नाना : न्हाई ओ. मेलेल्या माणसावरनं कशाला भांडू? पर भिंत कुठल्याबी अंगाला पडती, एवढंच.

मग मी शेवटचा डाव टाकला. तो राखून ठेवला होता. म्हटलं, नाना, आपल्याकडे देवाला घालतात ती प्रदक्षिणा. त्र्यंबकला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लोक अख्ख्या ब्रह्मगिरीला फेरी घालतात, अनवाणी. नर्मदेला परिक्रमा, ती तर काही महिने चालते, वर्षंही. देवाला उजवीकडे ठेवायचं आणि गोल यायचं. आल्या पावली परत फिरणं याला आपण काय म्हणतो? ‘आल्या पावली गेला’ हे चांगलं म्हणून कुणी बोलतं का?

नाना देवळाच्या पायरीवर बसून पायजम्याची कुसळं काढत होते. मान वर न करता म्हणाले :

नाना : महादेवाला?

मी : काय महादेवाला?

नाना : महादेवाला पुरा गोल घालता काय?

झालं. माझं माहेर देवळालगतचं, आणि देऊळ महादेवाचं. आठेक वर्षांची असताना मी एकदा पळत पळत पिंडीच्या मागून पुरी फेरी घातली होती, तेव्हा आजीनं पाठीत धपाटा घातला होता. शाळुंकेचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही. पन्हळीपर्यंत जायचं, तिथून मागं फिरायचं, उलट्या अंगानं पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं, आणि परत. सोमसूत्री प्रदक्षिणा. ती गोल नाहीच. जायचं आणि आल्या वाटेनं यायचं, दोन्हीकडून. आजीचा धपाटा मला आठवत होता, पण तो नानांच्या बाजूनं होता हे पासष्टाव्या वर्षी कळलं.

मी : शंकराचं वेगळं असतं.

नाना : आसू दे की. माझा देव त्योच हाय.

उठलो. ठरल्याप्रमाणे दक्षिणेच्या तटाला वळलो. ही बाजू नानांना नवी. किल्ल्यावर लहानपणापासून शंभरदा आलेले, पण चालायला म्हणून या अंगानं कधी आले नव्हते. मी जरा यजमानासारखी पुढं झाले. पाठीवर ऊन होतं. पुढं नैर्ऋत्येला सज्जनगड, खाली उरमोडीचं खोरं. नाना पाहत होते आणि काही बोलत नव्हते. मला वाटलं, पाघळले. मी सज्जनगडावरचा झेंडा दिसतो का म्हणून डोळे बारीक केले, आणि दिसेना. झेंडाच काय, गडाची कडही नीट दिसेना.

चष्मा मंगळाईच्या ओट्यावर राहिला होता.

मी : अरे देवा! असू दे. पुरा गोल घालून दरवाज्याशी जाऊ, मग मी पुन्हा उत्तरेकडून येऊन घेईन.

नाना : (जागच्या जागी थांबून) बाई, दळाणाची म्हातारी तुम्हीच की!

आम्ही दोनशे पावलंसुद्धा पुढं गेलो नव्हतो. मी मागं वळले. काही बोलले नाही, बोलण्यासारखं शिल्लकच नव्हतं. चष्मा ओट्यावर जसाच्या तसा होता. एक माकड शेजारी बसून त्याच्याकडे बघत होतं. नानांनी ‘हूं’ केलं तसं ते दोन हात सरकलं. चष्मा डोळ्यांवर चढवून मी दक्षिणेकडे निघाले, तर नाना उत्तरेकडे तोंड करून उभे.

नाना : आता फिरलोच हाय तर इकडनंच चला. तुमचा गोल तसाबी मोडलाय.

उत्तरेचा तट मी चार वर्षांत एकदाही पूर्वेकडून पश्चिमेला चालले नव्हते. ऊन पाठीवर होतं, म्हणून डोळे पुरे उघडता येत होते. एवढा फरक मला अपेक्षित होता. गाव आता उजव्या हाताला होतं, यवतेश्वराचं पठार समोर, तेही ठीकच. जंग्यांचं मात्र मला माहीत नव्हतं.

उत्तरेच्या बाजूला एका ठिकाणी तटाचा कठडा थोडा शाबूत आहे. त्यात बंदुकांसाठी ठेवलेल्या जंग्या आहेत. जंगी आतून रुंद असते, बाहेर निमुळती होत जाते. सगळ्या सरळ नसतात. काही डावीकडे तिरक्या, काही उजवीकडे, काही खाली झुकलेल्या, म्हणजे आत उभ्या असलेल्या माणसाला चढाच्या सगळ्या बाजू माऱ्यात घेता येतात. रोज पूर्वेकडे जाताना यातल्या काहींतून मला माहुलीकडचा उजेड दिसायचा. उरलेल्या काळ्या. मी समजायचे की त्या दगडमातीनं बुजल्यात. मुलांना एकदा सहलीला घेऊन आले होते तेव्हा मी तसं सांगितलंही होतं.

आज त्या काळ्या जंग्या उघडत होत्या. एक पाऊल टाकलं की एक. प्रत्येकीत यवतेश्वराच्या कड्याचा टवका, पुढच्या पावलाला त्या टवक्यात एखादं झाड, आणि पुढच्याला ती मिटायची. माहुलीच्या उजेडाच्या ज्या ओळखीच्या जंग्या होत्या, त्याच आज आंधळ्या होत्या. मी मागं गेले. पुन्हा पुढं आले. एकीत हात घातला. आत दगड गार आणि थोडा ओला होता, आणि तिरक्या भिंतीवर टाकीचे घाव अजून बोटाला लागत होते. कुणीतरी नेम धरून बसेल म्हणून कुणीतरी छिन्नीनं हा कोन काढला होता, आणि मी तो चार वर्षं माती समजत आले होते.

मी : नाना, या बुजलेल्या नाहीत.

नाना : कुणी म्हटलं बुजल्यात? मी रोज मोजत येतो. एकच बुजलीय, ती पलीकडची. तिच्यात पाल राहती.

मी : मला कधी सांगितलं नाहीत.

नाना : तुम्ही कुठं इचारलं? आन् सांगितलं असतं तर वळून बघितलं असतं तुम्ही?

नसतं बघितलं. मी पुढं चालत राहिले आणि दर जंगीशी मान वळवत राहिले. दरवाज्याशी आलो. मारुतीला जाताना नमस्कार झाला होता. येताना पुन्हा करायचा का, हा प्रश्न मला रोज पडत नाही, कारण मी दक्षिणेकडून येते. नानांनी केला. मीही केला.

सडकेनं उतरताना, म्हणजे पळीच्या दांड्यावर, मी विचारलं :

मी : उद्या कुठून? तुमच्या वाटेनं का माझ्या?

नाना : उद्या-परवा मी न्हाई. एकादशी आली न्हवं का, पंढरीला चाललोय. यष्टीनंच. दहिवडी, म्हसवड, पंढरपूर. सकाळच्या गाडीनं.

मी : आणि परत?

नाना : परत तिकडनं विट्याला जाईन. थोरली दिलीय न्हवं विट्याला, तिच्याकडं एक रात. मग कऱ्हाडवरनं वर येतो.

दहिवडी-म्हसवडकडून पंढरपूर. तिथून विटा, कऱ्हाड, सातारा. चालता चालता मी मनातल्या मनात नकाशा मांडला, खडू फिरवला, आणि रेषा जिथून निघाली तिथंच येऊन टेकली. मधे कुठंही दांडा नाही.

मी नानांकडे पाहिलं. ते एका चढत्या म्हाताऱ्याला वाट देण्यासाठी कडेला सरले होते. मी चष्मा काढून पुसला आणि काही बोलले नाही.